घरी काडतुसे भरावीत का? .३०८ रायफल, सप्रेसर आणि कायद्याविषयीच्या काही शंका

नवा_नेमकरी:

सर्वांना नमस्कार. मी ओहायोत राहतो. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड हातात पडल्यावर मी .३०८ विंचेस्टर काडतुसाची एक बोल्ट-ॲक्शन (दर गोळीमागे हाताने बोल्ट ओढायची) रायफल घेतली आणि तेव्हापासून महिन्यातले दोन शनिवार सकाळी क्लबच्या मैदानावर घालवतो. शिकारीत मला रस नाही. कागदी लक्ष्यावर शांतपणे नेम धरावा आणि पुढच्या उन्हाळ्यात ओहायोतल्याच कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा निदान प्रेक्षक म्हणून तरी पाहाव्यात, एवढीच माझी हौस आहे.

सध्या शंभर यार्डांवर तयार काडतुसांनी पाच गोळ्यांचा ग्रुप (कागदावरच्या छिद्रांचा पसारा) दीड ते दोन इंचांत बसतो. क्लबातले जुने सभासद म्हणतात की स्वतः काडतुसे भरायला लागल्याशिवाय हा आकडा खाली येणार नाही आणि खर्चही आटोक्यात राहणार नाही. चांगल्या प्रतीच्या वीस काडतुसांची पेटी मला जवळपास चाळीस डॉलरांना पडते, त्यामुळे दुसऱ्या मुद्द्यात तथ्य असावे असे वाटते. मात्र घरी दोन लहान मुले आहेत, आणि ‘मी आता तळघरात दारू ठेवणार आहे’ हे वाक्य पत्नीपुढे कसे उच्चारावे हेच मला सुचत नाही. आपल्या भाषेने एकच शब्द दोन्हीकडे वापरून मोठीच पंचाईत करून ठेवली आहे.

दुसरी शंका रायफलीला जोडायच्या वस्तूंविषयी आहे. क्लबात प्रत्येकाच्या नळीच्या टोकाला काही ना काही बसवलेले दिसते. सप्रेसरवरचा, म्हणजे आवाज कमी करणाऱ्या नळकांड्यावरचा, दोनशे डॉलरांचा संघीय कर १ जानेवारी २०२६पासून शून्यावर आल्यामुळे सगळेजण ‘आता घेऊनच टाक’ असा आग्रह करतात. माझ्यासारख्या नवख्याने आधी काय घ्यावे?

शेवटी दोन गोष्टी कायद्याच्या आणि राजकारणाच्या. माझा भाचा एफ-१ व्हिसावर इथे शिकतो. नोव्हेंबरच्या सुट्टीत तो आमच्याकडे येणार आहे आणि माझ्याबरोबर मैदानावर येऊन चार गोळ्या झाडायची त्याची इच्छा आहे. त्यात काही अडचण आहे का? आणि क्लबात चहा-कॉफीच्या वेळी बंदुकांचे राजकारण निघाले, की मी गप्प बसतो. एनआरएचे, म्हणजे बंदूकधारकांच्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे, सभासद व्हा असेही सुचवले जाते. आपण यात कुठे उभे राहता हे जाणून घ्यायला आवडेल.

पितळी_पुंगळी:

मी सोळा वर्षे काडतुसे भरतो आहे, म्हणून फक्त त्याविषयी लिहितो.

आधी पैशांचा हिशेब संपवून टाकू. काडतूस म्हणजे पितळेची पुंगळी, तिच्या तळाशी ठिणगी देणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. माझ्याकडच्या खरेदीप्रमाणे गोळीला सुमारे पन्नास सेंट आणि प्रायमरला आठ सेंट लागतात. एका पौंडात ७,००० ग्रेन दारू असते व .३०८ची दीडशेच्या आसपास काडतुसे एका पौंडात भरली जातात, म्हणजे दारूचे तेहेतीस सेंट झाले. चांगली पुंगळी आठ-दहा वेळा वापरता येते, तिचे बारा सेंट धरा. एक काडतूस एक डॉलर तीन सेंटांना पडले. तुमचे दोन डॉलरांना पडते. प्रेस (दाबयंत्र), डाय (पुंगळीला पुन्हा आकार देणारा साचा), तराजू, कॅलिपर आणि पुंगळ्या कापण्याचे हत्यार धरून सुरुवातीला आठ-नऊशे डॉलर जातात, म्हणजे नऊशे काडतुसे झाडल्यावर तुम्ही बरोबरीला याल. मात्र हातात स्वस्त काडतुसे आली की माणूस दुप्पट झाडतो, त्यामुळे वर्षअखेरीस खर्च कमी झाला असे म्हणणारा एकही भरणारा मला अजून भेटलेला नाही. शिवाय २०२०-२१मध्ये प्रायमर बाजारातून जवळपास नाहीसे झाले होते. तेव्हा माझे प्रेस चार महिने कापड घालून झाकलेले होते, आणि काटकसर करणाऱ्यांनाही पेटीसाठी रांगा लावाव्या लागत होत्या.

मग भरायचे कशासाठी? एकसारखेपणासाठी. परंतु तो एकसारखेपणा तुमच्या अंतरावर दिसेल का, हे आधी तपासा. समजा, तुमच्या काडतुसांच्या वेगात सेकंदाला पन्नास फुटांचा फरक पडतो आहे. १७५ ग्रेनच्या गोळीला शंभर यार्डांवर त्या फरकामुळे जेमतेम एक दशांश इंच वरखाली होते. सहाशे यार्डांवर मात्र तोच फरक चार-पाच इंच होतो. म्हणून शंभर यार्डांवर झाडणाऱ्याचा दोन इंचांचा ग्रुप दारूच्या वजनामुळे मोठा होत नाही, त्याची कारणे बहुधा खांद्यात, चापावरच्या बोटात किंवा सैल स्क्रूत असतात. क्लबातल्या जुन्या सभासदांचे म्हणणे त्यांच्यासाठी खरे आहे, कारण ते सहाशे यार्डांवर झाडत असतील.

तरीही भरायचेच ठरवले तर ज्या गोष्टी पुस्तकात एका ओळीत येतात आणि प्रत्यक्षात महाग पडतात, त्या सांगतो.

दारूचे प्रमाण केवळ दारू किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या छापील तक्त्यातून घ्यावे, तेही त्यातल्या सर्वांत कमी आकड्यापासून सुरू करून. कोणी मित्राने, क्लबातल्या ज्येष्ठाने किंवा मी इथे ग्रेनचा आकडा सांगितला तरी तो लिहून घेऊ नका. .३०८साठी ठरलेला कमाल सरासरी दाब चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे, आणि तुमच्या गालापासून तो दोन-तीन इंचांवर निर्माण होतो. लष्करी ७.६२ मिलिमीटरच्या पुंगळ्या फुकट मिळतात म्हणून लोक उचलतात. त्यांच्या भिंती जाड असल्याने आतली जागा कमी असते आणि तेवढ्याच दारूने दाब वाढतो. त्या वेगळ्या डब्यात ठेवाव्यात आणि त्यांच्यासाठी पुन्हा तळापासून सुरुवात करावी.

पुंगळीच्या आत डोकावून पाहण्याची सवय लावा. तळाशी प्रायमरकडे जाणारे मधोमध एकच छिद्र असेल तर ती बॉक्सर पद्धतीची, आणि बाजूला दोन बारीक छिद्रे असतील तर बर्डन पद्धतीची. बॉक्सर हे ब्रिटिश सैन्यातले अधिकारी होते आणि बर्डन अमेरिकी, पण अमेरिकेने बॉक्सरची पद्धत उचलली व युरोपने बर्डनची. या उलटापालटीची मला अजून गंमत वाटते. बर्डन पुंगळी आपल्या डायमध्ये घातली तर डायची जुना प्रायमर ढकलणारी सुई हमखास मोडते.

माझी एक चूक सांगतो. पहिल्या वर्षी मी डाय प्रेसमध्ये इतकी खाली बसवली होती, की प्रत्येक वेळी पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) गरजेपेक्षा खूप मागे ढकलला जात होता. झाडल्यावर पितळ पुढे ताणले जायचे, पुन्हा मागे ढकलले जायचे, आणि तळापासून पाव इंचावर भिंत पातळ होत जायची. पाचव्या भरणीनंतर एका पुंगळीवर बाहेरून चकचकीत कडे दिसले. मी एक पेपरक्लिप सरळ केली, तिचे टोक काटकोनात वाकवले आणि पुंगळीत घालून भिंतीवरून हळूहळू वर ओढले. टोक एका खोबणीत अडकून टक् झाले. पन्नासपैकी एकतीस पुंगळ्यांत तो टक् लागला. त्या मी पक्कडीने चेपून भंगारात दिल्या. तशाच झाडल्या असत्या तर केव्हा तरी पुढचा अर्धा भाग चेंबरात (काडतूस बसते त्या कप्प्यात) अडकून बसला असता आणि गरम वायू बोल्टच्या बाजूने मागे आले असते. आता मी खांदा एक-दोन सहस्रांश इंचांपेक्षा जास्त मागे नेत नाही आणि तो दर वेळी कॅलिपरने मोजतो.

दुसरा धडा एका पौंड दारूचा. टेबलावर दोन डबे उघडे होते, दारुमापातली उरलेली दारू मी चुकीच्या डब्यात ओतली. काळे बारीक दाणे दोन्हीकडे सारखेच दिसतात, त्यामुळे वेगळे करण्याचा प्रश्नच नव्हता. ती सगळी दारू बागेत पातळ पसरून टाकली. तेव्हापासून टेबलावर एकच डबा असतो आणि फोन वरच्या मजल्यावर असतो. पिस्तुलाची काडतुसे कधी भरलीत तर आणखी जपा. .३०८मध्ये चुकून दुप्पट दारू घातली तर ती तोंडातून सांडते आणि कळते, पण पिस्तुलाच्या पुंगळीत दुप्पट माप सहज मावते.

अमोनिया असलेले पितळ चकाकवण्याचे द्रावण पुंगळ्यांना लावू नका. याची गोष्ट आपल्याकडचीच आहे. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात काडतुसे तबेल्यांत साठवली जात, आणि मोसम संपल्यावर पाहावे तर पुंगळ्यांना चिरा पडलेल्या. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, दमट हवा आणि घडणीच्या वेळी पितळात राहिलेला ताण यांचा तो परिणाम होता, हे नीट उलगडले ते १९२१मध्ये. धातुशास्त्रात त्याला अजून ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणतात.

स्वतःच्या वापरासाठी भरायला संघीय परवाना लागत नाही. मित्राला दहा डॉलरांना पेटी देणे मात्र विक्रीत मोडू शकते, आणि विक्रीसाठी काडतुसे बनवायची तर सहा क्रमांकाचा संघीय उत्पादक परवाना लागतो. क्लबात कोणी ‘मलाही थोडी भरून दे’ म्हटले, की मी हसून विषय बदलतो. परवान्यापेक्षाही मला भीती वाटते ती माझ्या चुकीने दुसऱ्याचा डोळा जाण्याची.

तळ्याकाठचा_काका:

वरच्या लेखात सगळे आले आहे, मी फक्त सैल स्क्रूचा धागा पकडतो. तुमची रायफल पुढच्या शनिवारी नेण्याआधी एक टॉर्क रेंच आणा, मग स्कोपच्या (रायफलीवरच्या दुर्बिणीच्या) कड्यांचे, तळपट्टीचे आणि दस्त्याला नळी धरणारे स्क्रू एकेक तपासा. कड्यांच्या स्क्रूंना बहुतेक कंपन्या पंधरा ते वीस इंच-पौंडांच्या आसपास सांगतात, बाकीच्यांचे आकडे रायफलीच्या पुस्तिकेत असतात. हाताच्या अंदाजाने आवळणारे लोक एक तर सैल ठेवतात किंवा स्कोपची नळी चेपतात. मी दोन्ही करून झालो आहे.

त्यानंतर पॅरलॅक्स, म्हणजे डोळा हलला की नेमही सरकल्यासारखा दिसणे. रायफल वाळूच्या पिशव्यांवर घट्ट बसवा, लक्ष्याकडे रोखा आणि रायफलीला स्पर्श न करता डोळा स्कोपमागे डावी-उजवीकडे हलवा. क्रॉसहेअर लक्ष्यावर सरकताना दिसली, तर पॅरलॅक्सचे बटण तुमच्या अंतराला बसवलेले नाही आणि दर गोळीला गाल थोडा वेगळ्या जागी ठेवल्याची किंमत तुम्ही मोजत आहात. हे करायला एक पैसा लागत नाही, तरी आमच्या क्लबातल्या निम्म्या लोकांनी ते कधी केलेले नाही. आणि ग्रुप मोजताना पाच गोळ्यांचा सर्वांत चांगला कागद खिशात घालून फिरू नका, दहा गोळ्या झाडून पाहा.

मापाविषयी विचारले नसले तरी सांगून टाकतो. कोनाचे एक मिनिट म्हणजे शंभर यार्डांवर १.०४७ इंच, एक मिलिरेडियन म्हणजे शंभर मीटरवर दहा सेंटिमीटर. दोन्ही सारखेच चांगले. आतली खुणांची जाळी आणि बाहेरची नेम सरकवायची बटणे एकाच मापाची असलेला स्कोप घ्या, एवढेच पुरते. मी स्वस्तात मिळाला म्हणून मिलिरेडियनची जाळी व मिनिटांची बटणे असलेला स्कोप घेतला होता आणि दोन वर्षे मनातल्या मनात भागाकार करत बसलो.

आता सप्रेसर. मी वापरतो आणि मला तो आवडतो. .३०८चा आवाज १६० डेसिबलच्या वर जातो, आणि अशा क्षणिक आवाजासाठी कानाच्या धोक्याची मर्यादा साधारण १४० धरतात. सप्रेसर त्यातले वीस-तीस डेसिबल काढतो, म्हणजे तुम्ही मर्यादेच्या आसपास येता, त्याखाली सुरक्षित होता असे नाही. सिनेमातल्यासारखा ‘फुस्स’ आवाज प्रत्यक्षात कुठेच नाही. इअरप्लग आणि वरून कानपट्टे, दोन्ही घालावेच लागतात. मझल ब्रेक, म्हणजे नळीच्या टोकाला बसवायचा छिद्रांचा तुकडा, मात्र उलट आहे. तो धक्का कमी करतो आणि सगळा आवाज बाजूला फेकतो, त्यामुळे शेजारच्या टेबलावरचा माणूस दुसऱ्या गोळीनंतर आपले सामान उचलून दूर जातो. मी स्वतः असा उठून गेलो आहे.

सप्रेसर लावल्यावर गोळी लागण्याची जागा सरकते, म्हणून स्कोपचा नेम पुन्हा जुळवावा लागतो. पंधरा-वीस गोळ्यांनंतर तो इतका तापतो की त्यावरून उठणाऱ्या हवेच्या लाटा स्कोपसमोर नाचतात आणि लक्ष्य पाण्याखाली असल्यासारखे हलते. त्यासाठी कापडी आवरण मिळते. करमाफीविषयी एक गैरसमज मात्र फार पसरला आहे. १९३४च्या कायद्यातला कर शून्य झाला, नोंदणी गेलेली नाही. अर्ज, बोटांचे ठसे, छायाचित्र आणि मंजुरी येईपर्यंत थांबणे हे सगळे तसेच आहे. बेचाळीस राज्यांत तो बाळगता येतो आणि ओहायो त्यात आहे, पण सीमा ओलांडून दुसऱ्या राज्यात नेताना त्या राज्याचा कायदा आधी वाचा.

तुम्ही आधी काय घ्यावे, तर टॉर्क रेंच, मागची वाळूची पिशवी, आणि उरलेल्या पैशांची काडतुसे. सप्रेसर पळून जात नाही.

शांत_श्वास:

नमस्कार. मी पुढच्या दोन प्रश्नांना उत्तर देते, त्यातही भाच्याच्या प्रश्नाला आधी, कारण त्यात चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही.

भाच्याला रायफल हातात देऊ नका. संघीय कायद्याच्या कलम ९२२(जी)(५)प्रमाणे बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही, आणि मैदानावर पाच मिनिटे उसनी घेणे हेही बाळगणेच ठरू शकते. एफ-१, एच-१बी आणि बी-२वर आलेले आई-वडील, सगळे यात येतात. काही अपवाद आहेत. त्यांपैकी आपल्या लोकांना लागू पडेल असा म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार-परवाना हातात असणे. २०२२च्या संघीय कायद्याने या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षांवरून पंधरा वर्षांवर नेली. जाणूनबुजून रायफल देणाऱ्यालाही तीच लागू होते, म्हणजे तुमचे ग्रीन कार्ड आणि त्याचा व्हिसा दोन्ही एका दुपारी पणाला लागतील. मैदानावरच्या काउंटरवर बहुतेक वेळा कोणी व्हिसा विचारत नाही, आणि म्हणूनच आपल्या ओळखीतले कितीतरी जण हौसेने फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकतात. मला ते पाहून धडकी भरते. मुलाला हौस असेल तर त्याने शिकारीचा सुरक्षितता वर्ग पुरा करून परवाना काढावा आणि आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलावे. नाहीतर त्याला स्पॉटिंग स्कोपमागे (लक्ष्य पाहायच्या वेगळ्या दुर्बिणीमागे) बसवा. गोळी कुठे लागली हे सांगणारा चांगला जोडीदार मिळणे ही लहान गोष्ट नाही.

दुसरी गोष्ट पिशवीची. मैदानावर नेलेली पिशवी प्रवासाला कधीही वापरू नका. माझ्या चुलतभावाच्या पाठपिशवीच्या शिवणीत .२२चे एक काडतूस राहून गेले होते. भारतातून परत येताना विमानतळावर ते क्ष-किरणांत दिसले, आणि त्या रात्रीच्या विमानाऐवजी तो पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसला. शस्त्र अधिनियम १९५९खाली गुन्हा नोंदला गेला. जाणीवपूर्वक ताबा नव्हता हा बचाव भारतीय न्यायालये मान्य करत आली आहेत, सर्वोच्च न्यायालयाचा १९७२चा गुणवंतलाल खटल्यातला निर्णय त्यासाठी नेहमी दाखवला जातो. पण तो मान्य होईपर्यंत महिने जातात, वकील लागतो आणि नोकरीवर रजेची कारणे सांगत बसावे लागते.

मुलांविषयी तुमच्या पत्नीची काळजी रास्त आहे, फक्त तिचा रोख थोडा बदलायला हवा. धूरविरहित दारू मूळ डब्यात असेल तर पेटल्यावर जोरात जळते. तो डबा मुद्दाम असा बनवलेला असतो, की थोड्या दाबाने फुटून वाट करून देतो. ती लोखंडी तिजोरीत किंवा काचेच्या बरणीत बंद केली तरच स्फोट होतो. एनएफपीए ४९५ या अग्निसुरक्षा मानकाप्रमाणे घरात मूळ डब्यांतून वीस पौंडांपर्यंत दारू आणि दहा हजारांपर्यंत प्रायमर ठेवता येतात, त्यापुढे पन्नास पौंडांपर्यंत एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत. स्थानिक नियम त्याहून कडक असू शकतात. मला दारूपेक्षा शिशाची चिंता जास्त वाटते. प्रायमरच्या राखेत शिसे असते आणि पुंगळ्या घुसळून स्वच्छ करताना त्याची धूळ उडते. त्या टेबलाजवळ खाऊ नये, मुलांना येऊ देऊ नये, आणि हात गार पाण्याने व साबणाने धुऊनच वर यावे.

रायफल मात्र तिजोरीतच हवी आणि किल्ली फक्त तुमच्याकडे हवी. २०२१मध्ये या देशात बंदुकीने ४८,८३० माणसे गेली आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. आपण क्लबात बोलताना नेहमी चोराविषयी बोलतो. घरातल्याच एखाद्या खचलेल्या माणसाविषयी कोणी बोलत नाही.

आता राजकारण. माझे मत विचारलेत म्हणून सांगते: खासगी व्यवहारातही पार्श्वभूमी-तपासणी सक्तीची असावी. आज संघीय कायद्याने ती फक्त परवानाधारक दुकानदाराकडून घेताना होते, त्याच राज्यातल्या एखाद्या अनोळखी माणसाकडून घेताना होत नाही. माझी स्वतःची तपासणी दर खरेदीला झाली आहे आणि त्यात माझे काही गेले नाही.

पितळी_पुंगळी:

भाच्याविषयी ताईंनी दिलेल्या सल्ल्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, शेवटच्या परिच्छेदाशी मात्र मी सहमत नाही. तपासणी खासगी व्यवहाराला लावायची तर कोणती बंदूक कोणाकडे आहे हे आधी कुठेतरी नोंदलेले हवे, नाहीतर व्यवहार झाला की नाही हे कळणार कसे? १९८६च्या कायद्याने संघीय नोंदवही करायला मनाई केली ती याच भीतीने. त्याच कायद्याने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कुलूपबंद, रिकामी बंदूक घेऊन जाणाऱ्या प्रवाशाला संरक्षण दिले, ज्याचा आपण सगळे स्पर्धांना जाताना उपयोग करतो. भारतात १८७८च्या शस्त्र कायद्याने परवाना मिळणे साहेबाच्या मर्जीवर गेले, ते वाचल्यापासून मी नोंदवह्यांविषयी जरा हळवा आहे, हेही कबूल करतो.

एनआरएचे म्हणाल तर तिची सुरुवात १८७१मध्ये अमेरिकी यादवी युद्धातल्या उत्तरेच्या फौजेतल्या दोन अधिकाऱ्यांनी, सैनिकांचा नेम फार वाईट आहे म्हणून केली. १९७७च्या सिनसिनाटी अधिवेशनात सूत्रे कट्टर राजकीय गटाच्या हाती गेली. क्लबच्या विम्यासाठी सभासदत्व सक्तीचे असेल तर घ्या, नसेल तर कॅम्प पेरीला कोणी विचारत नाही.

शांत_श्वास:

नोंदवहीचा मुद्दा मी हलका मानत नाही. साहेबाच्या मर्जीचे उदाहरण तर नेमके लागले. पण इथल्या सर्वोच्च न्यायालयाने काय म्हटले तेही पूर्ण सांगायला हवे. २००८च्या हेलर निकालाने शस्त्र बाळगण्याचा हक्क व्यक्तीचा आहे असे पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले, आणि त्याच निकालात हा हक्क अमर्याद नाही असेही लिहिले. २०२२च्या ब्रुएन निकालाने प्रत्येक निर्बंधाला इतिहासात आधार शोधायची कसोटी लावली. त्यानंतर जून २०२४मध्ये एका आठवड्याच्या अंतराने दोन निकाल आले. बंप स्टॉक (धक्क्याचा उपयोग करून भराभर गोळ्या झाडू देणारा दस्ता) म्हणजे मशीनगन नव्हे, असे सहा विरुद्ध तीन मतांनी ठरले, आणि घरगुती हिंसेमुळे मनाई-हुकूम असलेल्या माणसाला बंदूक नाकारता येते, असे रहीमी खटल्यात आठ विरुद्ध एक मतांनी. क्लबात दोन्ही बाजूंचे लोक आपल्या सोयीचा अर्धाच निकाल सांगतात. तुम्ही गप्प बसता त्यात काही वाईट नाही, फक्त ऐकलेले घरी येऊन तपासून पाहा.

नवा_नेमकरी:

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी मैदानावर जाण्याआधी टॉर्क रेंच आणून काकांनी सांगितल्याप्रमाणे सगळे तपासले. दस्त्याचा मागचा स्क्रू जवळजवळ हातानेच फिरत होता आणि पॅरलॅक्सचे बटण तर दोनशे यार्डांवर होते. दोन्ही नीट करून दहा गोळ्यांचा कागद झाडला, तो १.८ इंच आला. म्हणजे पाच गोळ्यांचे माझे जुने दीड इंच ही बरीचशी स्वतःची फसवणूक होती, आणि खरी सुधारणा किती झाली हे सांगायला माझ्याकडे जुना दहा गोळ्यांचा कागदच नाही.

प्रेसची खरेदी सध्या पुढे ढकलली आहे, पण झाडलेल्या पुंगळ्या आतापासून जपून ठेवतो आहे. सगळ्या एका छिद्राच्या, म्हणजे बॉक्सरच आहेत. भाच्याला फोन करून नियम समजावला. तो थोडा हिरमुसला, मग स्पॉटिंग स्कोप कितीपट मोठे दाखवतो ते विचारू लागला. काकांना एकच प्रश्न राहिला आहे: नवी रायफल असताना दस्त्याचा स्क्रू इतक्या लवकर सैल कसा झाला?

तळ्याकाठचा_काका:

लाकडी दस्ता असेल तर हवेतल्या ओलीनुसार लाकूड फुगते आणि आक्रसते, म्हणून हिवाळ्यात तळघराच्या कोरड्या हवेत स्क्रू सैल पडतो. दर दोन महिन्यांनी तपासा आणि स्क्रूच्या माथ्यापासून दस्त्यापर्यंत रंगीत पेनाची एक बारीक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली, की स्क्रू फिरला आहे हे रेंच न लावताही कळते.